अप्पांच्या सीड्या

अप्पांचं वय चव्वेचाळीस. 'अप्पा' हे नाव कॉलेजात पडलं, कारण विशीतही ते वडापाव घेताना पावती मागायचे. डोंबिवलीत त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. एका बेडरूममध्ये माणसं राहतात आणि दुसरीत प्लेस्टेशनच्या डिस्क. मुलगा बारावीचा अभ्यास याच दुसऱ्या खोलीत करतो आणि झोपतोही तिथेच, पण भाडेकरूसारखा. भिंतीला खिळा ठोकायचा तरी त्याला परवानगी लागते.

अप्पा गेम खेळत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण भिंतभर कपाट बघून नवखा माणूस लगेच "कुठला गेम सगळ्यात भारी?" असं विचारतो आणि अप्पांच्या चेहऱ्यावर आठी उमटते. त्यांना विचारायचं ते "हा आहे का तुमच्याकडे?" असं. मग बघा. "आहे," असं म्हणतानाचा त्यांचा चेहरा बँकेत लॉकर उघडून परतलेल्या माणसाचा असतो.

नवी डिस्क घरात आली की आधी खोक्याचं प्लास्टिक ब्लेडने फक्त उघडायच्या बाजूला कापलं जातं, म्हणजे उरलेलं वेष्टन जागच्या जागी राहतं. मग मधल्या बोंडावर अंगठा दाबून डिस्क सोडवायची, कडांना धरून ट्यूबलाइटखाली तिरकी करायची आणि एक डोळा मिटून न्याहाळायची. पुसायची वेळ आलीच तर चष्म्याच्या फडक्याने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसणाऱ्या माणसाशी अप्पा संबंध ठेवत नाहीत. "आडवा ओरखडा यंत्र सावरून घेतं. गोल ओरखडा ट्रॅकच्या बरोबर धावतो, काही शिल्लक ठेवत नाही." ही माहिती मला त्यांनी लिफ्टमध्येही दिलेली आहे.

कपाटात सगळं पिढीवार आहे. पहिल्या प्लेस्टेशनच्या, म्हणजे १९९४ सालच्या यंत्राच्या, काळ्या पाठीच्या डिस्क. मग २००० च्या पीएस२ च्या, त्यात सीडीवरच्या गेमची पाठ निळी आणि डीव्हीडीची चंदेरी. २००६ पासून ब्लू-रे. तिच्यात डेटा पृष्ठभागाच्या जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असतो, म्हणून वर कडक लेप द्यावा लागतो. हे सांगताना अप्पा नखाने लेप वाजवून दाखवतात. स्वतःच्या डिस्कवर नाही, त्यासाठी एक नमुन्याची ठेवलेली आहे. वहिनी मात्र या सगळ्याला सरसकट 'सीड्या' म्हणतात. "सीड्या पुसून झाल्या असतील तर जेवायला या."

मालकी हक्काच्या या कैवाऱ्याची सुरुवात कुठून झाली, ते वहिनी पाहुण्यांसमोर मुद्दाम काढतात. लॅमिंग्टन रोडवरून. कॉलेजात असताना अप्पांच्या पीएस२ ला नकली डिस्क चालवणारी चिप बसवलेली होती आणि फुटपाथवरून आणलेल्या डिस्कवर गेमचं नाव मार्करने लिहिलेलं असे, तेही शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्याआधीच्या प्लेस्टेशनची लेन्स दमली की अख्खं यंत्र उलटं ठेवून चालवायचे. अप्पा हे नाकारत नाहीत. "तिथेही मी पावती मागितली होती," एवढंच म्हणतात.

अप्पांच्या धर्माची स्थापना २०१३ ची. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला आणि सांगितलं, की यंत्राला दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल आणि जुना गेम दुसऱ्याला देण्याविकण्यावर बंधनं येतील. जून महिन्यात सोनीने उत्तरादाखल विसेक सेकंदांची एक फिल्म काढली. पीएस४ चा गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस खोकं पुढे करतो, दुसरा घेतो आणि आभार मानतो. संपलं. इतका गदारोळ झाला की मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात माघार घेतली. अप्पांच्या फोनमध्ये ती फिल्म अजून आहे. मुंजीत, बारशाला, एकदा तर तेराव्यालाही त्यांनी ती लोकांना दाखवली आहे. "डिस्क म्हणजे काय? देता येते, विकता येते, मागे ठेवता येते. डाउनलोड केलेल्या गेमचं यातलं एक तरी करून दाखवा."

बिनतोड आहे. अडचण एवढीच, की अप्पांनी आजवर एकही डिस्क कोणाला दिलेली नाही. उसनवारीची वही आहे. लाल पुठ्ठ्याची, समास आखलेली, 'दिनांक', 'नाव', 'परत' असे रकाने पाडलेली. ती कोरी आहे. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा धीर करून मागायला आला होता. त्याला अप्पांनी आत बसवलं, सरबत दिलं, ती फिल्म दाखवली, देण्याघेण्याच्या हक्काचं महत्त्व पटवलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. मुलगा पायऱ्या उतरताना फार भारावलेला दिसत होता.

जग मात्र अप्पांना न विचारता पुढे गेलं. २०१९ मध्ये डिस्कची फटच नसलेला एक्सबॉक्स आला. २०२० मध्ये पीएस५ ची तशी आवृत्ती आली. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएस५ प्रो आला तो सातशे डॉलरचा आणि डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह हवा तर ऐंशी डॉलर वेगळे. भारतात तो तेव्हा विक्रीला आलाच नाही, कारण त्यातल्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे खुला नव्हता. कुठल्याही सरकारी धोरणाचं अप्पांनी कौतुक केल्याचा हा माझ्या माहितीतला एकमेव प्रसंग.

खरा घाव यंत्राने घातला नाही, डिस्कनेच घातला. २०२५ मध्ये 'डूम : द डार्क एजेस' आला. अप्पांनी पहिल्या दिवशी घेतला, ट्यूबलाइटखाली धरला, कौतुक केलं. रात्री मुलाने सांगितलं, "बाबा, हिच्यावर पंच्याऐंशी एमबी आहेत फक्त. बाकीचा सगळा गेम नेटवरून उतरवायचा." शंभर जीबी मावण्याची सोय असलेल्या जातीची तबकडी आणि तिच्यावर पंच्याऐंशी एमबी! अप्पा बराच वेळ डिस्ककडे बघत राहिले. "म्हणजे लग्नपत्रिका मिळाली, जेवण नाही," असं ते शेवटी म्हणाले आणि पाठोपाठ, "पण पत्रिका आहे ना आपल्याकडे." डिस्क कपाटात गेली.

त्याच कपाटात तळाच्या फळीवर 'द क्रू' आहे. मोटारींचा गेम, २०१४ चा. कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि गेम जगभर एकदम मेला, डिस्कवाल्यांचाही. याबद्दल अप्पांना काही विचारू नये. ते विषय बदलून निन्टेन्डोकडे वळतात. स्विचच्या गेमकार्डावर कडू रसायनाचा लेप असतो, लहान मुलांनी गिळू नये म्हणून. अप्पांनी दुकानातून आणलेलं कार्ड अस्सल आहे का, हे ते चाटून ठरवलं होतं. संध्याकाळचं जेवण गेलं नाही, पण मन शांत झालं.

गेल्या वर्षी वहिनींच्या भावाने भाच्याच्या वाढदिवसाला पीएस५ आणला. डिजिटल आवृत्ती. दहा हजार वाचवल्याचं मेहुणा स्वतःच्या तोंडाने सांगत होता. अप्पांनी पेढा दिला, पण नजर मिळवली नाही. मग अमेरिकेतल्या पुतण्याकरवी सुटा ड्राइव्ह मागवला, एका रविवारी आंघोळ करून, यंत्राची बाजूची पट्टी काढून तो बसवला आणि डिस्क हातात घेऊन उभे राहिले. पडद्यावर सूचना आली : ड्राइव्हची नोंदणी करायची आहे, इंटरनेटला जोडा. त्या दिवशी इमारतीचं नेट बंद होतं.

"डिस्क माझी, ड्राइव्ह माझा, यंत्र माझं, खोली माझी," अप्पा म्हणाले, "आणि परवानगी कोणाची?"

"नेटवाल्याची," वहिनी आतून म्हणाल्या. "त्याला फोन करा, आणि माझी मालिका पण अडकलीय म्हणून सांगा."

या प्रसंगानंतर अप्पांनी मृत्युपत्र करायचं ठरवलं. डाउनलोडचे गेम विकणाऱ्या स्टीमच्या करारात तर साफ लिहिलंय, की खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. बापाने आयुष्यभर घेतलेले गेम पोराला जाणार नाहीत. डिस्क मात्र जंगम मालमत्ता! अप्पांनी यादी केली, पिढीवार, खोक्याच्या अवस्थेसह. मुलाने यादी चाळली आणि विचारलं, "बाबा, त्यापेक्षा खोली रिकामी मिळेल का?" अप्पांनी तो वयाचा दोष मानला.

वकील आले. चाळिशीतले, घामाघूम, चहा पीत यादीवरून नजर फिरवत होते. "याची किंमत किती लावायची?" "अमूल्य लिहा." "तसा रकाना नसतो." असं चाललं होतं. चौथ्या पानावर वकिलांचं बोट थांबलं.

"क्रिकेट ०७?"

"पीएस२ ची. मूळ. खोक्यासकट," अप्पा म्हणाले. "ईएने त्यानंतर क्रिकेटचा कन्सोल गेम काढला नाही. आज डाउनलोडच्या कुठल्याही स्टोअरमध्ये शोधा, विकत मिळत नाही. याला म्हणतात डिस्क."

वकिलांनी कप खाली ठेवला. त्यांच्या हॉस्टेलमध्ये म्हणे या गेमवर रात्री उजाडायच्या, आणि एका शेवटच्या षटकावरून रूममेटशी धरलेला अबोला अजून सुटलेला नाही. घरात जुना पीएस२ पडून आहे, येत्या रविवारी तोच रूममेट येणार आहे. एक दिवस मिळेल का? फी सोडतो.

वहिनी आनंदाने लाल वही घेऊन आल्या. पेनाचं टोपण काढून त्यांनी ती अप्पांपुढे ठेवली.

अप्पांनी वही बघितली, कपाट बघितलं, वकिलांच्या बोटांना लागलेलं फरसाणाचं तेल बघितलं.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "द्यायचा हक्क मला आहे, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"अर्थात."

"मग तेवढं त्या कागदात नीट घाला. आणि फी किती झाली ते सांगा."