दादा, तोंड मिटलेला काढा

नियमाप्रमाणे कबड्डीच्या मैदानात एका संघाचे सात खेळाडू असतात आणि पाच राखीव बाहेर बसतात. हे लिहिणाऱ्याने वसई-विरारकडच्या संघाचा ग्रुप फोटो कधी काढलेला नसावा. आमच्या फोटोत प्रशिक्षक, व्यवस्थापक, अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष, टी-शर्टचे देणगीदार, केळ्यांचे देणगीदार आणि त्यांचा भाचा, असे सगळे छाती काढून उभे असतात. खेळाडू पुढे गुडघ्यावर. दोघेतिघे दर वेळी कडेने कापले जातात, आणि ते नेमके संघातले चढाईपटू असतात.

अशा एका संघाचा मी अधिकृत फोटोग्राफर आहे. अधिकृत म्हणजे गळ्यात ओळखपत्र आणि मानधनाला ‘बघू’. पोट चालतं लग्नांवर. पंचाईत अशी की लग्नसराई आणि कबड्डीचा मोसम, दोन्ही दिवाळीनंतरच सुरू होतात. त्यातून वसईचा कला-क्रीडा महोत्सव डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा सकाळी नालासोपाऱ्यात हळद, संध्याकाळी वसईत पकड. पिवळे डाग दोन्हीकडच्या कपड्यांवर तेच दिसतात.

लग्नात एक सोय असते. वरमाला हुकली तर “ताई, पुन्हा एकदा घाला” म्हणता येतं. ताई घालतात, शिवाय या खेपेला हसतात. चढाईपटूला असं काही सांगता येत नाही. त्याला तीस सेकंद मिळतात आणि त्या तीस सेकंदांत तो अखंड “कबड्डी कबड्डी” म्हणत असतो. हाच माझ्या धंद्याचा मूळ आजार आहे. जगातले बाकीचे खेळाडू तोंड मिटून खेळू शकतात. आमच्याला नियमाने बोलावं लागतं. सेकंदाच्या हजाराव्या भागात शटर उघडून मिटतं, आणि त्या भागात तो ‘क’वर असेल तर दंतवैद्याकडे बसल्यासारखा दिसतो. ‘ड्डी’वर असेल तर ओठ फाकतात, दात विचकतात, मानेच्या शिरा वर येतात, घरच्यांना वाटतं पोराला काहीतरी चावलंय. ओठाला ओठ लागतो तो फक्त ‘ब’ला. तेव्हा चेहरा शांत, डोळे धारदार, अगदी प्रो-कबड्डीच्या पोस्टरवर शोभेलसा. म्हणून मी डोळ्यापेक्षा कानाने फोटो काढतो. ‘क’ ऐकला की बोट तयार, ‘ब’ला क्लिक. पण ऐकून दाबेपर्यंत ‘ड्डी’ आलेलं असतं. आमच्या एका चढाईपटूची आई प्रत्येक सामन्यानंतर विचारते, “दादा, तोंड मिटलेला एखादा आहे का? स्थळाला पाठवायचाय.”

बसायचं कुठे, हा दुसरा वाद. समोरच्या संघाच्या मागे बसलो तर आपल्या चढाईपटूचा चेहरा मिळतो, पण मध्ये सात पाठी येतात. आपल्या बाजूला बसलो तर त्याची पाठ मिळते, आणि पाठीवर देणगीदाराचं नाव आहे. आईला चेहरा हवा, देणगीदाराला पाठ. पैसे कुणाकडून यायचेत हे लक्षात घेऊन मी उत्तरार्धात जागा बदलतो.

बरं, पकड झाली की चेहरा-पाठ हा भेदच उरत नाही. एकावर सात पडतात. सोळा पाय आणि वर कुठेतरी पंचांची शिट्टी, असा तो फोटो असतो. पायांवरून माणसं ओळखायला मी शिकलोय. डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्याच्या घोट्याला काळा दोरा आहे.

उजेडाविषयी तक्रार करायला मनाई आहे, कारण दिवेही देणगीतून आलेले असतात. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणून साधे दिवे त्याच सेकंदात 100 वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही. हजाराव्या भागात उघडणाऱ्या कॅमेऱ्याला लगेच कळतं. एका फोटोत खेळाडू गोरा, लगेचच्या फोटोत काविळीचा. फ्लॅश मारावा तर चढाईपटू माझ्याच अंगावर येईल. 2014 मध्ये प्रो-कबड्डी टीव्हीवर आली आणि गावोगाव मॅट पसरली. गुडघ्यांचं कल्याण झालं, माझं नाही. मातीत पकड झाली की असा धुरळा उठायचा की चुकलेला फोटोही कलात्मक म्हणून खपायचा. मॅटवर चूक स्वच्छ दिसते.

खरी भीती मात्र मध्यरेषेची. बोट टेकलं की नाही यावरून राडा झाला की दोन्ही संघ कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर वाकतात. टीव्हीवाल्यांकडे रिव्ह्यू असतो, आमच्याकडे मी. एकदा फोटोत बोट रेषेच्या अलीकडे, अगदी स्पष्ट. आपल्याच विरुद्ध. प्रशिक्षक कानाशी आले आणि म्हणाले, “बॅटरी संपली ना रे?” मी बॅटरी काढली. इमान कुणाशी ठेवायचं हे ओळखपत्रावर छापलेलं होतं.

कधी अंधेरीला, कधी परळला स्पर्धा असते, तेव्हा विरार लोकल. 2013 मध्ये विरारच्या पृथ्वी शॉने हॅरिस शील्डमध्ये 546 धावा काढल्या, तेव्हापासून आमच्या लोकलमध्ये क्रिकेटची किट घेतलेल्या पोराला जरा मान आहे. न जाणो, उद्या हाच टीव्हीवर दिसायचा! कबड्डीवाल्यांना किटच नाही. चड्डी-बनियनची पिशवी पाहून कुणी सरकत नाही. आणि माझी दीड किलोच्या लेन्सची बॅग पाहून लोक विचारतात, “डब्यात काय आणलंय?”

परवा डाव्या कोपऱ्याचं लग्न झालं. फोटो अर्थातच माझे. अंतरपाट दूर झाला, नवरी हार घेऊन पुढे आली आणि नवरा सवयीने एक पाऊल मागे सरकून वाकला. नजर तिच्या घोट्यावर. मागे उभ्या असलेल्या सहा जणांनी तितक्याच सवयीने एकमेकांचे हात धरून साखळी केली. नवरीचे मामा घाबरले. नवरी घाबरली नाही. तिने वरून हार टाकला आणि बोनस घेतल्यासारखी मागे झाली.

जेवणाच्या वेळी अध्यक्षांनी मला खुणेने बाजूला बोलावलं. मोसमाचं बाकी होतं ते आज मिळणार, या आशेने मी हात पुसले. त्यांनी खिशातून पाकीट काढलंही. त्यावर ‘आहेर’ लिहिलेलं होतं.

“हे मी त्यांना देतोय ना, तसा एक काढ,” ते म्हणाले. “मला मधोमध घे. बॅनरला लागेल.”