अण्णांची पट्टी

52 दरवाजांच्या शहरात आयुष्य काढलं, पण आपल्या घराला एकही दरवाजा नाही, अशी अण्णांची खंत होती. एन-7 मधल्या त्यांच्या घरात फ्लश डोअर चांगली पाच होती. "ती दारं नाहीत हो," अण्णा म्हणायचे, "उभ्या केलेल्या फळ्या आहेत."

अण्णा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. जायकवाडीच्या 27 दरवाजांचे कागद हाताखालून गेलेले. अशा माणसाने निवृत्तीनंतर सपाट प्लायकडे बघत किती दिवस बसायचं? मुळात अण्णांना सपाट काही सोसतच नाही. 'चहा घेता का?' एवढं वाक्यसुद्धा ते चारी बाजूंनी पट्टी मारून देतात. आलं कधी किसावं, कधी ठेचावं हे ऐकून झाल्यावरच कप हातात येतो.

तर पट्टी. सपाट दारांवर पट्ट्या ठोकून जुन्या दारांसारखे चौकोन उठवायचं ठरलं. गुलमंडीकडून सागवानी बीडिंगचा भारा आला, बिनडोक्याचे खिळे आले, गुण्या आला. मला समोर बसवून व्याख्यान झालं. जुन्या पॅनेलच्या दारातले चौकोन ही मुळात शोभा नव्हती. रुंद फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून ती चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवायची, खिळा ठोकायचा नाही.

"पण प्लाय तर फारसा फुगत नाही," मी म्हणालो.

"नाही."

"मग पट्टी कशाला?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भडकल गेट 1612 साली मलिक अंबरने बांधला तेव्हा हाच प्रश्न विचारायला मी तिथे हजर होतो.

पंचेचाळीस अंशांचा काप कागदावर अण्णांच्या हातचा मळ. लाकडाला मात्र त्यांची नोकरी ठाऊक नव्हती. कोपरा जुळेना की थोडं तासायचं. तासलं की पट्टी आखूड. आखूड पट्टी टाकायची नाही, ती पुढच्या दाराच्या लहान चौकोनाला. त्यामुळे पहिल्या दारावर दोन चौकोन, दुसऱ्यावर चार आणि तिसऱ्यावर नऊ. येणारेजाणारे वाढत्या नक्षीचं कौतुक करत. तो चुकांचा हिशेब होता हे मला आणि काकूंनाच माहीत. उरलेल्या फटीत लाकडाचा भुसा नि फेव्हिकॉल. मे महिन्यात फटी पुन्हा उघडल्या, तेव्हा अण्णांना उलट आनंद झाला. "बघा, लाकूड श्वास घेतंय!"

नळाला पाणी यायच्या दिवशी आमची सगळी गल्ली पाईप घेऊन धावत असते. अशाच एका सकाळी अण्णा दोन्ही तळहातांनी दार दाबून उभे, पोलिसांनी झडतीला धरल्यासारखे. "फेव्हिकॉल ओला आहे. मोटार तुम्हीच लावा!" काकूंनी मोटार लावली, टाकी भरली, पिंप भरलं. अण्णा तसेच. मग बाथरूमकडे जाताना काकूंनी पहिल्यांदा विचारलं, "टॉवेलचा खिळा कुठं गेला?"

खिळा अण्णांनी उपटला होता. बाथरूमच्या दारावर मकबऱ्याची कमान व्हायची होती.

त्यासाठी आम्ही रविवारी बीबी का मकबऱ्याला जाऊन आलो. लोक कबर बघायला जातात. अण्णा प्रवेशदारापाशीच थांबले. तिथल्या दारावरच्या पितळी कामात अताउल्ला आणि हंसपतराय ही करणाऱ्यांची नावं आहेत. "बघा, बादशहाचं नाही, कारागिरांचं!" अताउल्लाचे वडील ताजमहालाचे उस्ताद अहमद लाहोरी, हेही मला तिथेच कळलं. परतीच्या रिक्षात अण्णा गप्प होते. हे लक्षण बरं नव्हतं.

सरळ पट्टी वळत नाही, म्हणून कमानीसाठी तिचे अकरा तुकडे झाले. अकरा दिवस रोज एक. काकू रोज तेच विचारत: टॉवेल कुठं अडकवू? अण्णा म्हणत, "शहाजहानला असलं कुणी विचारलं नव्हतं."

काम संपल्यावर मला बोलावणं आलं. पॉलिशचा वास, मंद दिवा. अण्णांनी बाथरूमचं दार आतून लावून घेतलं. बाथरूममध्ये मी आणि अण्णा, दोघेच. अवघडच होतं.

"आता बघा."

मी पाहिलं. दारावर मधोमध, चिकटवायच्या प्लास्टिकच्या हुकाला, काकूंचा ओला टॉवेल लटकत होता. अण्णांनी तो दोन बोटांनी पडद्यासारखा उचलला. खाली कमान होती, आणि कमानीच्या पायथ्याशी बारीक, सुबक, अनुरेखकाच्या अक्षरात त्यांचं नाव. शेजारी हंसपतरायाच्या जागी माझं.

"हात दुखतोय," अण्णा म्हणाले, "लवकर वाचा."