लॅमिनेशनचे सोन्याचे दिवस

परवाच्या तालुका रोजगार मेळाव्यात 'दर्जेदार रोजगार' नेमका कोणाला मिळाला, याचा शोध अखेर लागला. मांडवाबाहेर झाडाखाली मशीन मांडून बसलेल्या लॅमिनेशनवाल्याला.

दर्जाच्या सगळ्या अटी तो एकटा पुऱ्या करतो. माणूस स्थानिक आहे. हातात कौशल्य आहे आणि तेही कुठल्या केंद्रात बोटाचा ठसा न देता आलेलं. कामाला खंड नाही, कारण प्रमाणपत्रं वाटणारे थांबत नाहीत. त्याला सहा महिन्यांनी ब्रेक देणारा ठेकेदार नाही. जेवणाच्या सुट्टीत तो जेवतोसुद्धा.

त्याचं अर्थशास्त्र समजून घ्यायला हवं. साधा कागद असेल तर लॅमिनेशनचे 20 रुपये. पण कौशल्याचं प्रमाणपत्र साध्या कागदावर मावत नाही. वर मान्यवरांचे फोटो, खाली चार सह्या, चारही बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी आणि उरलेल्या जागेत उमेदवाराचं नाव, तेही बहुधा चुकीचं. म्हणून मोठा आकार, म्हणून 40 रुपये. पोरगं ते चकचकीत प्रमाणपत्र घेऊन आत टेबलापाशी जातं. तिथला साहेब म्हणतो, यावर शिक्का उमटत नाही, लॅमिनेशन काढून आणा. पोरगं परत झाडाखाली. लॅमिनेशन काढायचे 60 रुपये, कागद फाटला तर जबाबदारी गिऱ्हाइकाची. शिक्का मारून झाला की तो पुसू नये म्हणून पुन्हा लॅमिनेशन. दुपारपर्यंत एवढी गर्दी झाली की त्याने भाच्याला मदतीला बोलावलं, म्हणजे मेळाव्यातली दुसरी नोकरीही झाडाखालीच निर्माण झाली. आता ही बातमी वर पोचायचा अवकाश, 'सहायक लॅमिनेशन तंत्रज्ञ' असा 300 तासांचा अभ्यासक्रम निघेल, केंद्राला गाळा मिळेल, टी-शर्ट आणि टोप्या येतील, मशीन मात्र तेवढं पुढच्या टप्प्यात येईल, तोवर फळ्यावर मशीनचं चित्र काढून शिकवतील, आणि शेवटी भाच्याला त्याच कामाचं प्रमाणपत्र देतील, जे तो मामाकडे 40 रुपये भरून लॅमिनेट करून घेईल.

मांडवाच्या आत काय होतं, हे विचारू नका. बरं, विचारलंच आहे तर ऐका. आत 'शिकाऊ उमेदवार' हवे होते. आयटीआयमध्ये 2 वर्षं फिटर शिकलेला, परीक्षा पास झालेला पोरगा हवा, पण शिकाऊ म्हणून. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा स्वच्छ सांगतो की शिकाऊ हा कामगार नव्हे. ज्याला हात धरून शिकवायचं आहे, त्याच्यासाठी ही तरतूद ठीकच होती. पण इथे त्याला पहिल्याच आठवड्यात लाइनवर उभा करतात. प्रॉडक्शन कामगाराइतकं, पगाराच्या चिठ्ठीवर मात्र विद्यार्थी. 2019 च्या नियमांनी पदवीधर शिकाऊला महिना किमान 9000 रुपये विद्यावेतन ठरवलं, आयटीआयवाल्याला त्याहून कमी. वर्ष संपल्यावर पुढे काय? 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली की शिकाऊंना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचं धोरण ठरवावं. मालकांनी ते ठरवलेलं आहे. पुढची बॅच घेणे, हेच ते धोरण.

मग कोणी तरी उठून 80 टक्क्यांची आठवण देतो. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या, आणि स्थानिक म्हणजे राज्यात 15 वर्षांचा रहिवास. छान आहे. माणूस कुठला असावा, हे अगदी महिन्या-वर्षाच्या हिशेबाने ठरलंय. नोकरी कसली असावी, किती दिवस टिकावी, तिच्यात घरभाडं निघावं की नाही, याला कुठलाही टक्का नाही. जमीन गेलेल्या घरातला मुलगा त्याच जमिनीवरच्या गेटवर गणवेश घालून साहेबांच्या गाडीला सलाम ठोकतो, आणि तक्त्यात एक स्थानिक वाढतो.

हे एक वेळ सोसू. भाषण सोसवत नाही. "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा!" अरे बाबांनो, रोजगार मेळावा तुम्ही भरवलात ना? पोरांना वडापावच्या पैशांत एसटी करून नोकरी मागायला तुम्हीच बोलावलंत ना? आणि हे सांगणारा प्रत्येक वक्ता 58 व्या वर्षापर्यंत पहिल्या तारखेला पगार घेतलेला, आता पहिल्याच तारखेला पेन्शन घेणारा. त्यातल्या एकानेही आयुष्यात कोणाला नोकरी दिलेली नाही. बदल्या मात्र पुष्कळ केल्या आहेत. त्यांच्या मते पोरांचं अडतं ते 'ॲटिट्यूड'मुळे. 9000 वरही हसतमुख राहता आलं पाहिजे, हे ते कौशल्य.

पोरांना फिटर कोणी केलं, तेही सांगून टाकतो. आयटीआयचे सर तासिका तत्त्वावर आहेत. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की चूल थंड. दर्जेदार रोजगाराचं शिक्षण देण्याची नोकरी अशी आहे. म्हणून फाइल घेऊन सरही रांगेत आले होते. "सर, तुम्ही आधी," म्हणत पोरांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. टेबलावरच्या साहेबाने फाइल उघडली, जन्मतारीख पाहिली आणि सांगितलं, शिकाऊसाठी वय जास्त आहे.