कुठला टन?

कुठलीही गाडी कुठे जाते यात आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, फारसा रस नाही. तिच्या रिकाम्या डब्याचं वजन किती, एवढं कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. उभी हयात माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात गेली. 1930 साली धावू लागलेल्या डेक्कन क्वीनच्या डब्यांची खालची चौकट विलायतेहून आली आणि वरचा सगळा डबा माटुंग्याला बांधला, हे ते अशा थाटात सांगतात की जणू स्वतः बारशाला हजर होते. त्यांचा जन्म बऱ्याच नंतरचा. पण ते कोणी काढत नाही.

"डबा चाळीस टनांचा," असं कोणी म्हणालं की अण्णांचा चष्मा कपाळावर चढतो. "कुठला टन?" विलायती टन 2,240 पौंडांचा, अमेरिकन 2,000 पौंडांचा, मेट्रिक हजार किलोंचा. चाळीस टनांत विलायती आणि अमेरिकन हिशेब चार हजार किलोंहून अधिक फरक पाडतात. दिवाळीला आलेले एक शेजारी यावर "म्हणजे साधारण सारखंच की," म्हणाले. त्यांच्यापुढे फराळाचं ताट आलं, पण व्याख्यान संपल्यावर.

मुलीकडे न्यूजर्सीला आल्यावर अण्णांनी एकच हट्ट धरला: ब्रुकलिनचं ट्रान्झिट म्युझियम. 1946 मध्ये बंद पडलेल्या कोर्ट स्ट्रीट स्टेशनात, जमिनीखाली, भुयारी रेल्वेचे जुने डबे खऱ्या रुळांवर उभे आहेत. 1930 सालच्या आर-1 जातीच्या डब्यात लोक वेताच्या सीटवर बसून, छताच्या पंख्याखाली फोटो काढत होते. अण्णा फलाटावर गुडघे टेकून डबा आणि फलाट यांच्या फटीत टॉर्च मारत होते.

"जावईबापू, दोन्ही मोटरी एकाच बोगीवर, चाकांच्या एकाच सांगाड्यावर! म्हणजे डबा एका अंगाला जड." चेहरा असा, की एखाद्या स्थळाचा दोष वेळेवर सापडला.

मग वही निघाली. तुलनेचे नियम कडक. लांबी सारखी हवी, नाहीतर फुटामागे वजन काढायचं. संडास, पाण्याची टाकी, बर्थ असलेल्या लांबच्या गाडीच्या डब्याशी भुयारी गाडीची गाठ घालायची नाही, "नाहीतर पाप लागतं." साठ फुटी डब्यांचा निकाल असा लागला: 1930 चा आर-1 सुमारे 38 टन, मेट्रिक, 1964 चा बड कंपनीचा स्टेनलेस स्टीलचा आर-32 त्याहून दोनेक टनांनी हलका, आणि आज धावणारा आर-160 पुन्हा 38 च्या आसपास.

"इतक्या वर्षांत पत्रा पातळ करून जे वाचवलं," अण्णा म्हणाले, "ते एसीनं खाल्लं." दारांची यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक्सही या जेवणाला होते, हे त्यांना ठाऊक आहे. पण राग एकावरच काढायचा असतो.

स्वतःच्या गाडीपाशी मात्र हा न्यायाधीश डळमळतो. 2022 मध्ये डेक्कन क्वीनला नव्या बनावटीचे, एलएचबी डबे लागले. जुने आयसीएफचे 21.3 मीटर लांब, हे 23.54. अण्णांनी मीटरमागे वजन काढलं. निकाल नव्या डब्यांच्या बाजूने गेला. वही मिटली, आणि त्या दिवशी दुपारचा चहा दोनदा झाला.

परतीच्या आदल्या रात्री सामानाचा प्रश्न आला. एका बॅगेला मर्यादा 23 किलोंची. आई, म्हणजे सासूबाई, भरायला बसल्या तर अण्णांनी रिकामी बॅगच काट्यावर ठेवली. "टेअर साडेचार किलो! पाचवा हिस्सा नुसता डबा!" रातोरात हलकी बॅग आणवली, दोन किलो वाचवले, आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून म्युझियमच्या दुकानातली दोन जाडजूड पुस्तकं तळाशी सारली.

सकाळी पुस्तकं सोफ्यावर होती. बॅगेत नातवाने आजोळी न्यायला दिलेल्या चॉकलेटांचे डबे.

"अहो, शोधू नका," आई आतून म्हणाल्या. "तुमचा एसी मी उतरवून ठेवलाय."