पंखो रवांदे

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. समोर युद्धनौका, बाजूला सिंधुदुर्ग किल्ला आणि डोक्यावर मिग-२९के. त्या संध्याकाळी मालवण तालुक्यातल्या निम्म्या पोरांनी नौदलात जायचं ठरवलं. माझं वय भरतीच्या फार पुढे गेलेलं असल्यामुळे मी रिमोटवरचं जेट घ्यायचं ठरवलं.

नाकावर पंखा भिरभिरणारी फोमची विमानं मी आधीपासून उडवत होतो, आणि ती उडवता आल्याशिवाय कोणी जेटच्या वाटेला जाऊही नये. पण त्यांच्याकडे बघून 'काय आवाज आहे!' असं कोणी म्हणत नाही. जेटच्या पोटात मात्र नळी असते. नळीत विजेच्या मोटरवर फिरणारा बहुपात्यांचा पंखा पुढून हवा खेचतो आणि मागून सोडतो. या छंदातली मंडळी त्याला ईडीएफ म्हणतात. खऱ्या जेट इंजिनाशी त्याचं नातं आडनावापुरतंच. यात काहीही जळत नाही; जळतात ते घरातले.

पहिला ईडीएफ निवडताना माणूस काय बघतो? आवाज ऐकतो. पाच पात्यांचा पंखा किंचाळतो. बारा पात्यांचा कमी फेऱ्यांत तेवढाच जोर देतो, म्हणून त्याचा सूर जरा भरदार, डोळे मिटले तर थेट गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून आल्यासारखा. डोळे मिटून मी बरेच व्हिडिओ ऐकले. मग आकड्यांकडे वळलो. पंख्याचा व्यास ५० मिलिमीटरपासून सुरू होतो. पुढे ६४, ७०, ८०, ९०, असं करत तो घर गहाण टाकण्यापर्यंत जातो. बॅटरीचे सेल ३, ४, ६. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा. मोटरवर केव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ३५०० केव्हीच्या मोटरला चार सेलचे १४.८ व्होल्ट दिले की कागदावर पन्नास हजारांच्या वर फेरे होतात. मी ९० मिलिमीटरवर बोट ठेवलं. अशा वेळी माणूस नेहमी मोठ्यावरच बोट ठेवतो.

आमच्या वाडीत होड्यांची आउटबोर्ड मशीनं दुरुस्त करणारे एक मेस्त्री आहेत. त्यांना मोबाइलवर पंखा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "पंखो रवांदे. वजन किती ता सांग. आणि उडवतलंस खंय?"

या दोन प्रश्नांनी माझा ९० मिलिमीटर तिथल्या तिथे बुडवला.

मेस्त्रींना ईडीएफ हा शब्द ठाऊक नव्हता, पण वस्तू पुरती ठाऊक होती. तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या ज्या वॉटर स्कूटर आहेत, त्यांच्या बुडाशी असंच नळीतलं चक्र असतं. खालून पाणी ओढायचं, मागून सोडायचं. "होडयेचो पंखो मोठो, सावकाश फिरता, थोड्या तेलात लांब जाता," मेस्त्री म्हणाले. "ही नळी थोडाच पाणी घेता पण जोरान फेकता. म्हणून ती पेट्रोल पिता. आणि उथळात घातलंस काय रेती खाता." हवेलाही हेच लागू. पुष्कळ हवा हळू ढकलली तर थोडक्या विजेत भागतं. थोडी हवा वेगाने ढकलायची तर बॅटरी पिळावी लागते. हेच मला कळायला इंग्रजीतले कितीतरी लेख लागले होते. त्यांत रेतीबद्दल तर चकार शब्द नव्हता.

तेव्हा आधी जागा. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरच्या आत आकाशावर निर्बंध असतात, आणि आपला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. देवबाग-तारकर्ली तर चिपीच्या समोरच, मध्ये फक्त कर्लीची खाडी. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल-पिवळा-हिरवा बघत बघत मी उत्तरेकडे सरकत गेलो. विमानतळ नव्हता तेव्हा आम्ही विमानतळ हवा म्हणून भांडलो, आला तर माझं विमान तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

उरले सडा आणि आचऱ्याची वेळा, म्हणजे समुद्रकिनारा. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. पाऊस सरल्यावर त्यावर गुडघाभर गवत असतं, विमान पोटावर अलगद उतरतं. मार्च उजाडला की तोच सडा किसणीसारखा होतो. चाकं लावावीत तर खडे उडून थेट नळीच्या तोंडात. वेळेवर ओहोटीला वाळू घट्ट असते, पण कोरड्या पट्ट्यात उतरताना मोटर बंद करायला क्षणभर उशीर झाला की पात्यांच्या कडा गेल्या. म्हणजे चाकं नकोत, हाताने फेकायचं, पोटावर उतरवायचं. हाताने फेकायचं तर वजन किलोभर, फार तर थोडं वर. आणि फेकलेलं जेट सुरुवातीला खालीच बसतं. नाकावरचा पंखा शेपटीवर वारा तरी मारतो. इथे सगळा वारा नळीत, बाहेरच्या, विमान वळवणाऱ्या पट्ट्यांना वेग येईपर्यंत काम नाही. म्हणून जोर जवळजवळ वजनाइतका हवा. एवढं ठरल्यावर निवड अशी उरलीच नाही. ६४ मिलिमीटर, बारा पाती, चार सेल, २२०० एमएएचची बॅटरी, साठ अँपिअरचा कंट्रोलर. ७० मिलिमीटर आणि सहा सेल हे उत्तम प्रकरण, दोन किलोच्या पुढे जोर देतं, पण त्याची विमानं बहुतेक चाकांची, त्यांना धावपट्टी लागते. ती चिपीला आहे.

घरी हिशोब सांगितला. पूर्ण जोरात ४५ अँपिअर, म्हणजे साडेसहाशे वॉटच्या वर. आपला मिक्सर वाटण काढताना घेतो साधारण तेवढेच. आणि बॅटरी? पूर्ण जोरात तीन मिनिटंही नाही. हात आखडता घेतला तर साडेतीन-चार. आईने किंमत विचारली, मी निम्मी सांगितली. ती म्हणाली, "येवढ्या पैशात वर्साचे तांदूळ इले असते." निम्म्यातच तांदूळ येत होते, म्हणून पूर्ण किंमत अजून सांगितलेली नाही.

बॅटरी विमानाने आली नाही. विमान उडवणाऱ्या वस्तूला प्रवासी विमानाच्या मालात बंदी. ती रस्त्याने, रमतगमत आली. खोक्यावर पेटलेल्या सेलचं चित्र होतं. कुरिअरच्या पोराने ते हात लांब करून माझ्या हातात दिलं आणि सही न घेताच गेला.

कॅटलॉगात जोर लिहिला होता सव्वा किलो. मेस्त्रींचा कॅटलॉगावर विश्वास नाही. त्यांनी एका फळीला खालून गोट्यांच्या बेअरिंगची चाकं लावली, वर पंखा घट्ट बसवला आणि फळी मासेवाल्या मावशींच्या टांगत्या काट्याला आडवी जोडली. आधी त्यांनी पातं आणि नळी यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून बघितली. एका जागी ती अडकत होती. मोटरचे स्क्रू सैल करून केसभर सरकवली, तेव्हा पट्टी सगळीकडून सारखी फिरली. मग मी थ्रॉटल वाढवला. कोंबड्या पळाल्या, अंगणातली सुकत घातलेली आमसुलं मागच्या भिंतीला चिकटली, आणि काट्यावर किलोच्या जरा वरचा आकडा येऊन पंधरा सेकंदांत किलोच्या खाली सरकला. भार पडला की बॅटरीचा दाब उतरतो, हा खरा जोर. मावशी काटा सोडवून घेत म्हणाल्या, "इतक्या वजनाची सुरमय घे, मगे घरात कोण बोलूचो नाय."

खाऱ्या हवेबद्दल मेस्त्रींनी बजावलं ते सोन्यासारखं. उडवून आलं की ब्रशने वाळू झाडायची, बेअरिंगला तेलाचा एक थेंब, आणि बॅटरीचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ती मातीच्या मडक्यात. मडकं आईचं. लोणच्याचं होतं, आता नाही.

फेकायला माझा चुलतभाऊ, कारण त्याच्या खांद्याला पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, टाकायची सवय. दोन्ही हातांनी विमान तोलून तो म्हणाला, "हेका गिरकी देऊक नको मां?" नको, सरळ फेक, असं मी दोनदा सांगितलं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो. त्याच्यावर फेकायचं तर समोर सुरूची झाडं. दुपारी खारा वारा, मग समोर समुद्र. दोघांची पाळी बदलते तेव्हा, नऊ-दहाच्या सुमारास, वारा थोडा वेळ पडतो. तेवढ्यात त्याने फेकलं. ते खाली बसलं, पोट लाटेला लागेल असं वाटलं, आणि मग बारा पात्यांचा तो सूर लावत वर चढलं. वेळेवरची कुत्री भुंकायची थांबली. मी दोन मोठे फेरे घेतले, एकदा डोक्यावरून अगदी कमी उंचीवर काढलं, टायमर वाजला, मोटर बंद केली आणि ओल्या वाळूवर घसरवत आणलं.

"झाला?" भावाने विचारलं.

"झालं."

"आणि ह्या परत चार्ज होवूक?"

"तासभर."

त्याने खाडीकडे बघितलं, स्कूटरच्या डिकीतून पाग काढला. "मगे तवसर मी एक पाग मारून येतंय."

घरी आलो ते एक जेट आणि पिशवीभर शेवटे मासे घेऊन. आईने पिशवीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "परत कधी जातलंस उडवूक?"