होतकरू पालकांसाठी प्रारंभिक अभ्यासक्रम

मूल गाण्याच्या क्लासला जाऊ लागले की घरात दोघांचा रियाज सुरू होतो. मुलाचा गळ्याचा, आणि पालकांचा चेहऱ्याचा. मुलाला शिकवायला गल्लोगल्ली क्लास आहेत, पालकांना कोणी वाली नाही. भातखंड्यांनी सगळे राग दहा थाटांत बसवून दिले; पण मुलगा ‘सा’ लावत असताना बापाने चेहरा कुठल्या थाटात ठेवावा, याबद्दल ते काही लिहून गेले नाहीत. ही उणीव भरून काढावी म्हणून पुढील सूचना.

सर्वप्रथम घराणे शोधावे. ग्वाल्हेर, किराणा वगैरे नंतर. आधी आपले स्वतःचे. प्रत्येक घरात भजनी मंडळात टाळ वाजवणारे एखादे पणजोबा असतातच. नसल्यास आत्याबाई हळदीकुंकवाला गाणे म्हणत असत, तेवढ्यावर भागते. आवाज आईकडून आला आणि ताल बाबांकडून, अशी वाटणी सुरुवातीलाच करून टाकावी. स्वर हलला तर तो कोणाकडून आला हे दोन्ही बाजूंना आपापल्या मनात ठाऊक असते, त्याची जाहीर चर्चा करू नये.

मग वाद्य. पहिल्या क्लासच्या आधीच पेटी, तिची मखमली खोळ आणि एक झब्बा घेऊन ठेवावा. झब्बा दोन नंबर मोठा घ्यावा. कला वाढो न वाढो, मूल वाढतेच. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर खचू नये. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, पेटीतून मींड निघत नाही आणि श्रुती सापडत नाहीत अशी तक्रार होती. ती बंदी 1971 पर्यंत टिकली, तरी पेटी काही मेली नाही. तिथे सोसायटीच्या कमिटीची काय कथा!

तबला घेणाऱ्यांनी त्यासोबतची हातोडी मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. आठवड्याभरात ‘धा धा ते टे धा धा तू ना’ जेवणाच्या ताटावर, बाबांच्या टकलावर आणि शाळेच्या बाकावर ऐकू येऊ लागते. शाळेतून चिठ्ठी आली तर ती जपून ठेवावी. पुढे मुलाखतीत सांगायला उपयोगी पडते. पावसाळ्यात मात्र पालकांची चैन असते. दमट हवेने पुडी सैल पडते, तबला चढत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर जे काही बिघडेल ते हवेच्या नावावर घालता येते. पेटीवाल्यांना ही सवलत नाही.

क्लासच्या सरांना दर आठवड्याला “कशी आहे हो प्रगती?” असे विचारावे. सर म्हणतात, “आवाज चांगला आहे, रियाज हवा.” हे ते सगळ्यांनाच म्हणतात, पण आपण इतर पालकांच्या रांगेत उभे नसल्याने आपल्याला ते कळण्याचे कारण नाही. यातला अर्धाच भाग घरी न्यावा. घरी पोहोचेपर्यंत तो “सर म्हणाले, आवाज दैवी आहे” असा झालेला असतो, आणि रात्री मामाला फोन होईपर्यंत सरांच्या डोळ्यांत पाणी आलेले असते.

थोडा इतिहास पाठ असावा. कुमार गंधर्व 1936 साली मुंबईत जिना हॉलमध्ये देवधर मास्तरांनी भरवलेल्या परिषदेत गायले तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचे होते, आणि जाणकारांनी तोंडात बोटे घातली. आपले मूल आठचे असेल तर अजून तीन-चार वर्षे हाताशी आहेत, हा हिशेब चारचौघांत मोठ्याने करावा. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून पळून गेले, ही गोष्ट मात्र मुलाला सांगू नये. निदान परीक्षा संपेपर्यंत.

आता या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड भाग, म्हणजे घरी आलेला पाहुणा. पाहुण्यांना पोहे आधी देऊ नयेत. खाऊन झाले की माणसे घड्याळ बघतात. पोहे भिजवलेत असे सांगावे आणि पेटी बाहेर काढावी. भुकेला पाहुणा सहसा उठून जात नाही.

“बाळा, काकांना भूप म्हणून दाखव.”

“नको.”

“असं काय करतोस? काल किती छान म्हटलास!”

“मला शू लागलीये.”

इथे पालकांची कसोटी असते. रागवायचे नाही, हसायचे. मात्र हसतानाच डोळ्यांनी असे काही सांगायचे की ते फक्त मुलाला दिसावे. काका बिचारे “राहू द्या हो, त्याला नसेल मूड” असे म्हणतात. ते प्रामाणिकपणे म्हणत असतात, म्हणूनच तिकडे लक्ष देऊ नये.

मूल अखेर बसते. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. भूपात पाचच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. पण पेटीवर गंधाराला लागूनच मध्यम बसलेला असतो, त्यात मुलाचा काय दोष? बोट तिकडे गेलेच तर आपण मुलाकडे न बघता पाहुण्यांकडे बघावे. पाहुण्यांना कळले नसेल तर प्रश्न मिटला. कळल्यासारखे वाटले तर “याला सारखं काहीतरी वेगळं करून बघायचं असतं” असे कौतुकाने म्हणावे आणि पोहे आणावेत.

दाद देण्याचे तंत्र वेगळे शिकावे लागते. तीनतालात सोळा मात्रा. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्या मात्रेवर खाली. आईची मान बहुधा खालीवर डोलते आणि बाबांचे “वा!” समेच्या दीड मात्रा आधी पडते. यावर सोपा उपाय म्हणजे मान सतत डोलावत राहणे. सम कुठे ना कुठे तिच्यात सापडतेच.

पुढची पायरी गणपतीतला कार्यक्रम. मुलाचे नाव संगीत खुर्चीच्या नंतर आणि बक्षीस समारंभाच्या आधी लागेल असे बघावे. बक्षिसासाठी थांबलेली गर्दी फुकट मिळते. माइक अध्यक्षांच्या उंचीला लावलेला असतो, तो खाली घ्यायचे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून पहिली ओळ फक्त देवाला ऐकू जाते. महिनाभर काळी चारमध्ये घोटलेले गाणे मूल पांढरी दोनमध्ये सुरू करते. पेटीवाले काका एकदा डोळे मिटतात आणि तिकडे सरकतात. मूल एक मात्रा खाते, तेव्हा तबलजीही मुकाट्याने एक मात्रा गिळतो आणि समेवर त्याला गाठतो. हे सगळे इतक्या सफाईने होते की मांडवात कोणाला पत्ता लागत नाही. खरे कौतुक त्या दोघांचे करायला हवे, पण ते आपल्या अभ्यासक्रमात नाही. अंतरा आठवला नाही तर मूल अस्ताईच तिसऱ्यांदा म्हणते. तो विस्तार समजावा.

या काळात बाबांची जागा रंगमंचासमोर, एक गुडघा टेकून, मोबाइल आडवा धरून. मागच्या तीन रांगांना काही दिसत नाही, पण त्यांचे मूल आज गात नसल्याने त्यांना तसे काही बघायचेही नसते. मुलाने मध्येच ओळखीच्या माणसाला हात केला तर तो भाग व्हिडिओतून कापू नये. आजीला तोच सर्वांत जास्त आवडतो. व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर पूर्ण पाठवावा आणि तासाभराने “ऐकलं का?” असे विचारावे. अंगठा दाखवणाऱ्यांपेक्षा एखादी तरी ओळ लिहिणाऱ्यांच्या घरी दिवाळीचा फराळ आधी पोहोचवावा.

परीक्षांचे फारसे सांगण्यासारखे नाही. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मग मध्यमा, असे करत विशारदपर्यंत जाता येते. प्रारंभिकचा फॉर्म भरला त्याच दिवसापासून “आमचा विशारद करतोय” म्हणायला हरकत नाही; वाट तीच आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे प्रतिष्ठित घरांत शिरावे म्हणून. ते शिरले. आता तर तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावरही शिरते.

2008-09 मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ची पाच मुले घरोघर पोहोचली, तेव्हापासून पालकांचा धीर बराच वाढला आहे. त्या मुलांमागे केवढा रियाज असेल हा विचार मनात आल्यास त्याला फार वेळ बसू देऊ नये.

राहता राहिला शेजारच्या मुलीचा कार्यक्रम. त्याला जावे लागतेच. थोडे उशिरा जावे, मागच्या खुर्चीवर बसावे, तिचा व्हिडिओ काढू नये. ती सुरात असेल तर “आवाज गोड आहे, जरा बारीक आहे” एवढे म्हणून थांबावे. ती फारच सुरात असेल तर तिच्या आईला बाजूला घेऊन, सहज आठवल्यासारखे, क्लास कुठला लावलाय आणि फी किती आहे ते विचारून घ्यावे.