मागणीपत्राबाहेरचा माल

आमचे नाना मोबाइलच्या दुकानात जातात ते फोन घ्यायला नव्हे, परत पाठवायला. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर ते दिसले की दुकानातले जुने सेल्समन चहाला सटकतात आणि परवाच लागलेल्या पोराला काउंटरवर उभं करून जातात.

"बाबा, कॅमेरा बघा. पन्नास मेगापिक्सेल," पोरगं उत्साहानं सांगतं.

"कॅमेरा मी मागितलाय, तो असणारच. न मागितलेलं काय काय आहे ते दाखव."

असला प्रश्न त्या पोराच्या ट्रेनिंगमध्ये आलेला नसतो. तोवर नानांनी चष्मा नाकावर ओढलेला असतो, खिशातली डायरी उघडलेली असते आणि सेटिंग्जमध्ये शिरून अ‍ॅपची यादी धरून मोजदाद सुरू केलेली असते. खरेदीची दोन. बातम्यांची दोन. रंगीत गोळ्या फोडायचे खेळ तीन. कर्ज देणारं एक. "अरे, अजून फोनचे पैसे दिले नाहीत, आणि हा कर्ज द्यायला दारात उभा?" मग प्ले स्टोअरच्या शेजारी आणखी एक अ‍ॅपचं दुकान निघतं. तिथं नाना थांबतात. चष्मा काढतात. "एका डेपोत दोन स्टोअर? म्हणजे चोरीला वाव." शेवटी 'हॉट अ‍ॅप्स' नावाचा कप्पा उघडतो आणि त्यातून अजून न घातलेल्या अ‍ॅपची शिफारस बाहेर पडते. डायरीत नोंद होते : 'आवक ४३. मागणी ९. माल नाकारला.'

डायरीच्या भाषेवरून कळलंच असेल. नाना एसटीत स्टोअरकीपर होते. मागणीपत्रात जे लिहिलंय तेच आत येणार, आलेलं बिन कार्डावर चढणार आणि चढलेलं सहीशिवाय बाहेर जाणार नाही, या तीन वाक्यांवर त्यांनी नोकरी काढली. एकदा ब्रेक लायनरच्या खोक्यांत पुरवठादारानं दिवाळीची भेट म्हणून कॅलेंडरं घातली होती. सगळा डेपो खूश. नानांनी मात्र ती परतीच्या चलनासह परत पाठवली, तीही वाहतूकखर्च पुरवठादाराच्या माथी मारून. त्या वर्षी डेपोत कुणालाच तिथी कळेना. पण स्टॉक रजिस्टर जुळलं.

आता नानांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. हाताखाली डेपो नाही, खिशात फोन आहे, आणि तोही बारा हजारांच्या आतला. एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाचं पेन्शन म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतून येणारी किरकोळ रक्कम. तिच्यात फोन बसवायचा म्हणजे आधी बाकीचं बरंच काही बाहेर काढावं लागतं. ही बाराची अट नसती तर नानांची गोष्ट इथंच संपली असती. एका दुकानदारानं कंटाळून तसं सुचवलंही होतं, "कोराच पाहिजे तर गुगलचा पिक्सेल घ्या ना!" नानांनी किंमत विचारली, ऐकली आणि डायरीत लिहिली. विक्रमी नोंदी ठेवायची त्यांना सवय आहे.

नानांच्या बोलण्यात एक सुवर्णकाळ येतो. त्याची सुरुवात २०१४ सालची. फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी आला, साडेबारा हजारांत, जवळजवळ कोऱ्या अँड्रॉइडचा. सप्टेंबरात गुगलनं भारतातच अँड्रॉइड वन सुरू केलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन देशी कंपन्यांचे फोन, साडेसहा हजारांच्या आसपास आणि आत सारं गुगलनं आखून दिलेलं. "आखून दिलेलं!" हा शब्द उच्चारताना नानांचा आवाज अजून ओला होतो. २०१७ साली शाओमीनं 'मी ए वन' काढला. स्वतःच्या फोनांत नाना तऱ्हा भरणाऱ्या कंपनीनं काढलेला कोरा फोन, १४,९९९ रुपयांना. त्या वर्षी नानांनी बजेट तीन हजारांनी वाढवलं. काकू म्हणतात, लग्नातसुद्धा वाढवलं नव्हतं. पुढे अँड्रॉइड वनचे फोन येईनासे झाले. नाना त्याचं खापर कुणावर फोडत नाहीत. नुसतं म्हणतात, "चांगली योजना होती. निधी वळवला असणार."

स्वस्त फोनांत एवढा पसारा का, हे नानांनी आमच्या सोसायटीत प्रत्येकाला वेगळं बसवून सांगितलं आहे. शाओमीच्या ले जून यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं की फोन विकून आम्ही पाच टक्क्यांवर निव्वळ नफा घेणार नाही. टाळ्या पडल्या. नानांनी टाळी वाजवली नाही. "पाच टक्क्यांत स्टोअरचं भाडं सुटत नाही," ते म्हणाले, "उरलेले कुठून येतात ते बघा." येतात ते इंटरनेटवरल्या सेवांतून आणि जाहिरातींतून. अ‍ॅपवाला फोन बनवणाऱ्याला पैसे देतो, 'माझं आधीच आत घाल' म्हणून. तेवढ्यानं फोनची किंमत खाली येते. एका मुरलेल्या दुकानदारानं हे नानांना एका वाक्यात पटवलं होतं : "काका, जुन्या नाशकात भाडेकरूसकट वाडा स्वस्त मिळतो. रिकामा करून हवा असेल तर जादा मोजा."

नानांना ते पटलं, पण त्यांनी त्यातून भलताच अर्थ काढला : वाडा भाडेकरूंसकट घ्यायचा आणि भाडेकरू आपण घालवायचे.

भाच्याच्या लॅपटॉपवर त्यांनी ती विद्या शिकून घेतली. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर' नावाची ओळ असते. तिच्यावर सात वेळा बोट आपटलं की 'तुम्ही आता डेव्हलपर झालात' असा संदेश येतो. नानांनी तो जिन्यात भेटेल त्याला दाखवला. नाना डेव्हलपर झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत पसरली आणि दोघं जण वाढीव चटईक्षेत्राची चौकशी करायला आले. डेव्हलपर झाल्यावर यूएसबी डीबगिंग सुरू करायचं, वायर लावायची आणि लॅपटॉपच्या काळ्या खिडकीतून हुकूम सोडायचे. साध्या बोटानं न निघणारी अ‍ॅपही मग निघतात. खरं म्हणजे ती निघत नाहीत, आपल्यापुरती दिसेनाशी होतात. मूळ प्रत आतच राहते आणि फोन फॅक्टरी रीसेट केला की सगळी मंडळी पुन्हा आपापल्या जागी हजर. हे कळलं त्या रात्री नाना जेवले नाहीत. रजिस्टरातून खोडलेला माल गोदामात तसाच पडून, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना.

तरी हुकूम सुटतच राहिले. स्वतःचा फोन साफ झाल्यावर नाना शेजाऱ्यांकडे वळले. दुसऱ्या मजल्यावर मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेले सर राहतात. त्यांच्या फोनातला 'लॅटिन' असं काहीतरी लांबलचक नाव असलेला माल नानांना संशयास्पद वाटला. "सर, तुम्ही लॅटिन मागितलं होतं?" सर म्हणाले, "संस्कृत असतं तर राहू दिलं असतं." ते गेलं आणि त्याच्याबरोबर कीबोर्डही गेला, कारण तो कीबोर्डच होता. आयुष्यभर ऱ्हस्वदीर्घासाठी पोरांचे कान पिळलेले सर भाचा येईस्तोवर सोसायटीच्या ग्रुपवर नुसते फुलांचे स्टिकर पाठवत राहिले. पाणीपट्टीच्या वादावर गुलाब, लिफ्टच्या वर्गणीवर कमळ. ग्रुपवर इतकी शांतता त्याआधी कधी नव्हती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनवणाऱ्यांना गुगलची अ‍ॅप सरसकट आधीच घालायला लावणं आणि ती काढायची सोय न ठेवणं, हे त्यातलं एक कारण. नानांनी पेढे वाटले. दंडापेक्षा आकड्यावर ते जास्त खूश होते. "वरचे शहात्तर लाखसुद्धा सोडले नाहीत. हिशेब कुणीतरी स्टोअरमधल्यानं केलाय."

कसोटीचा प्रसंग आला २०२५ च्या डिसेंबरात. प्रत्येक नव्या फोनात संचार साथी हे सरकारी अ‍ॅप आधीच घालावं असा दूरसंचार विभागाचा आदेश बाहेर आला आणि देशभर गदारोळ उठला. नाना मात्र गप्प. आम्ही विचारलं, "नाना, हे तर न मागितलेलंच की!" नाना म्हणाले, "थांबा. लेखी आदेश आहे. आदेश हेच मागणीपत्र मानायचं का, हे आधी ठरू द्या." मागणी वापरणाऱ्याची की वरिष्ठ कार्यालयाची, या मुद्द्यावर त्यांनी जुनी परिपत्रकं काढली. निर्णय लागायच्या आत, ३ डिसेंबरला, सरकारनंच ती सक्ती मागं घेतली. नानांचा चेहरा पडला. त्यांनी टिपण अर्ध्यावर आणलं होतं.

परवा शेवटी काकूंसाठी नवा फोन आला. मोटोरोला बघून झाला होता. 'फालतू अ‍ॅप नाहीत' हे जाहिरातीतच सांगणाऱ्या नोएडाच्या लावाचाही विचार झाला होता. पण काकूंनी भाच्याला घेऊन जाऊन आपल्याला आवडेल तो आणला, भाडेकरूंसकट. नानांनी त्याच दुपारी वायर लावली. कर्जवाला गेला, गोळ्या गेल्या, दुसरं दुकान गेलं. लॉक स्क्रीनवर दर वेळी नवं चित्र आणि खाली बातमी दाखवणारी सेवाही गेली. संध्याकाळी काकूंनी फोन उचलला. पडदा काळा.

"अहो, माझं स्वित्झर्लंड कुठं गेलं?"

"कसलं स्वित्झर्लंड? जाहिरात होती ती. डेटा खाते."

"खाऊ दे की! लग्नानंतर तुम्ही मला त्र्यंबकेश्वरच्या पुढं कुठं नेलंत? फोन उचलला की एक गाव बघायला मिळत होतं. मीच मागतेय ते."

'मागतेय' हे ऐकून नाना चपापले. मागितलेला माल नाकारणं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्यांनी डायरी उघडली, रीतसर मागणी लिहून घेतली आणि काकूंपुढं सहीसाठी धरली. स्वित्झर्लंड पूर्ववत सुरू झालं. काकूंनी सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं : 'प्रत्यक्ष माल केव्हा?'

तेव्हापासून नाना फोनकडे ढुंकूनही बघत नाहीत. एसटीच्या सवलतींचे कागद घेऊन बसलेत. पंचाहत्तरी झालेल्यांना प्रवास फुकट, बायकांना निम्मं तिकीट, दोन्ही राज्याच्या हद्दीपर्यंतच. स्वित्झर्लंड त्या हद्दीत बसत नाही. म्हणून महाबळेश्वर मंजूर झालंय.